अनुभव धागा: ऑफिसचा लॅपटॉप, घरचा प्रिंटर आणि घरच्या फाइली

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ऑफिसचे लॅपटॉप घरोघरी आले. पुढे ऑफिसं उघडली, तरी आठवड्यातले काही दिवस घरून काम अनेकांचं आजही सुरू आहे. पण बऱ्याच घरांत एक घोडं अजून तिथंच अडलेलं आहे. घरच्या वाय-फायवर मीटिंगा सुरळीत होतात, मोबाइलवरून प्रिंट निघतं, आणि त्याच वाय-फायवरचा प्रिंटर ऑफिसच्या लॅपटॉपला मात्र सापडत नाही. घरच्या डेस्कटॉपवरचं फोल्डर उघडायला जावं, तर पासवर्डची चौकट येते आणि काहीही टाकलं तरी नकारच मिळतो.

यावर जी माहिती मिळते ती बहुतेक घरच्याच लॅपटॉपसाठी लिहिलेली असते. ऑफिसच्या लॅपटॉपचं गणित वेगळं असतं, म्हणून हा धागा. तुमच्याकडे नेमकं काय अडलं, कशामुळे अडलं, कसं सुटलं, ते सविस्तर लिहा. सुटलं नसेल तर तेही लिहा. फक्त कंपनीचे निर्बंध चुकवण्याच्या युक्त्या इथे नकोत. त्या पायी लोकांच्या नोकऱ्या धोक्यात येतात आणि ग्राहकांची माहितीही.

सुरुवात माझ्यापासून. मी डोंबिवलीत राहते, विमा क्षेत्रात काम करते. घरी हॉलमध्ये एक डेस्कटॉप आहे. घराची कागदपत्रं, स्कॅन, फोटो सगळं त्यावर. ऑफिसच्या लॅपटॉपवरून त्यातलं एक फोल्डर उघडायचं होतं. पासवर्डच्या चौकटीत नीट पाहिलं तर खाली बारीक अक्षरात ऑफिसच्या डोमेनचं (कंपनीची खाती सांभाळणाऱ्या नेटवर्कचं) नाव होतं. म्हणजे मी युजरनेम टाकलं की लॅपटॉप ते आपल्या कंपनीचंच समजून पुढे पाठवायचा, आणि घरचा डेस्कटॉप तर त्या कंपनीला ओळखतच नाही. युजरनेमच्या आधी डेस्कटॉपचं नाव आणि उलटी तिरकी रेघ टाकली (घरपीसी\वाचक अशा धर्तीवर) आणि फोल्डर उघडलं. हे ‘वाचक’ नावाचं साधं खातं मी डेस्कटॉपवर मुद्दाम वेगळं काढलं, त्याला पासवर्ड दिला आणि एकाच फोल्डरचा फक्त वाचण्याचा हक्क दिला. पासवर्ड हवाच, कारण कोऱ्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. आणि आपण रोज जो पिन टाकतो तो त्या एका यंत्रापुरता असतो, इथे चालत नाही.

वाकड, पुणे. सिस्टिम सपोर्टमध्ये आहे.

ताईंनी फार चांगला विषय काढला. मी दुसऱ्या बाजूला बसतो, तेव्हा तिथून दिसणारं लिहितो.

लोकांचा पहिला प्रश्न असतो, ‘माझ्या लॅपटॉपवरचं फोल्डर घरच्यांना का दिसत नाही?’ ते दिसू नये अशीच व्यवस्था आम्ही केलेली असते. फाइल शेअरिंग ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे यंत्राच्या नेटवर्ककडच्या एका ठरलेल्या दारातून, चालतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर जगभर पसरलं ते याच वाटेने, एका यंत्रातून शेजारच्या यंत्रात. तेव्हापासून बहुतेक कंपन्या बाहेरच्या नेटवर्कवर असताना लॅपटॉपच्या आत येणारी ही वाट बंदच ठेवतात. घरचं वाय-फाय ‘प्रायव्हेट’ करा, नेटवर्क डिस्कव्हरी (यंत्रांना एकमेकांना दिसू देणारी सोय) चालू करा, हे सल्ले घरच्या यंत्राला लागू पडतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर ती बटणं ग्रुप पॉलिसीने, म्हणजे कंपनीने सगळ्या लॅपटॉपना लावलेल्या नियमांनी, राखाडी झालेली असतात, आणि एखाद्याने अ‍ॅडमिनचा पासवर्ड मिळवून ती बदललीच, तरी पॉलिसी पुन्हा लागू झाली की सगळं मूळपदावर येतं.

पण लॅपटॉपमधून बाहेर जाणारी वाट बऱ्याचदा उघडी असते. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो: शेअर घरच्या यंत्राने करायचं, ऑफिसच्या लॅपटॉपने फक्त तिथे जायचं. दिशा उलटी ठेवली की निम्म्या तक्रारी मिटतात. नेटवर्कच्या यादीत यंत्र दिसत नाही म्हणून थांबू नका. एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि डेस्कटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) टाका, यादीची गरजच पडत नाही. वर्कग्रुपचं (विंडोजमधल्या यंत्रांच्या गटाचं) नाव जुळवत बसण्याचीही नाही.

अंधेरी, मुंबई. बँकेत.

माझा प्रिंटर व्यवस्थित चालायचा, पण व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित जोडणी) जोडलं की लगेच ‘ऑफलाइन’. आयटीवाल्या मॅडमनी समजावलं ते इतरांना उपयोगी पडेल. आमच्या व्हीपीएनमध्ये लॅपटॉपची सगळी रहदारी बँकेच्या नेटवर्ककडे वळवलेली असते. प्रिंटर टेबलावर हाताच्या अंतरावर असला तरी लॅपटॉप त्याला शोधायला बँकेच्या जाळ्यात जातो. काही कंपन्या घरच्या नेटवर्कला वगळण्याची मुभा देतात, आमच्याकडे देत नाहीत आणि बँकेत ते योग्यच आहे असं मला वाटतं.

प्रिंटची आज्ञा दिली की ती रांगेत थांबते, व्हीपीएन सोडलं की कागद बाहेर येतो. घाई असेल तेव्हा मी यूएसबी केबल लावते. केबलचा नेटवर्कशी संबंध नाही, त्यामुळे व्हीपीएन चालू असतानाही छपाई होते. आमच्याकडे पेन ड्राइव्ह बंद आहे, पण प्रिंटरच्या केबलला परवानगी आहे. तुमच्याकडे आहे का, ते आधी विचारून घ्या.

नाशिक. महाविद्यालयात शिकवते.

आमच्या घरी दोष ना लॅपटॉपचा होता ना प्रिंटरचा. कॉलेजच्या लॅपटॉपवरून प्रश्नपत्रिका घरी छापायच्या असतात, कारण त्या दुकानात नेता येत नाहीत. प्रिंटर कधी सापडायचा, कधी नाही. आतल्या खोलीत बसलं की हमखास गायब.

शेवटी प्रिंटरच्याच बटणावरून त्याचं माहितीपत्रक छापलं. बहुतेक वाय-फाय प्रिंटरमध्ये ही सोय असते. त्यावर पत्ता होता १९२.१६८.१ ने सुरू होणारा. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ची आज्ञा देऊन पाहिलं तर तिथे १९२.१६८.०. दोन वेगळी नेटवर्क! फायबरवाल्यांनी दाराजवळ बसवलेला डबा स्वतःच राउटर होता, आणि आतल्या खोलीत रेंज यावी म्हणून आम्ही आणलेला दुसरा राउटर त्याच्या मागे आपलं वेगळं घर मांडून बसला होता. दुसऱ्या राउटरला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर (वेगळं नेटवर्क न मांडता फक्त वाय-फाय पुरवायचं) टाकलं आणि सगळं घर एकाच नेटवर्कवर आलं. यासाठी लॅपटॉपला हातही लावावा लागला नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

त्याच वेळी राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवला. नाहीतर वीज जाऊन आली की राउटर त्याला नवा पत्ता देतो आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत राहतो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको.

आणखी एक. स्वस्त प्रिंटर बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झवरच चालतात. प्रिंटर २.४ वर आणि लॅपटॉप ५ वर असला तरी राउटर एकच असेल तर सहसा अडत नाही. ‘गेस्ट’ वाय-फायवर मात्र अडतं, तिथे एक यंत्र दुसऱ्याला दिसू नये अशीच रचना असते.

कोल्हापूर. सीए, पण एका कंपनीच्या लेखापरीक्षण विभागात नोकरी.

आमच्याकडे ड्रायव्हरवर, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, गाडं अडलं. प्रिंटर सापडायचा, जोडायला गेलं की अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागायचा. याला कारण आहे. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई यंत्रणेतली ‘प्रिंटनाइटमेअर’ ही पळवाट उघड झाली. त्यानंतर ऑगस्टमध्ये आलेल्या अपडेटपासून, दुसऱ्या संगणकावर शेअर केलेला प्रिंटर जोडताना ड्रायव्हर घालायला अ‍ॅडमिनचा अधिकार लागू लागला. अनेक घरांत प्रिंटर यूएसबीने डेस्कटॉपला आणि तिथून शेअर, अशी मांडणी असते. ती नेमकी इथे अडकते.

मी आयटीकडे रीतसर तिकीट (लेखी विनंती) टाकलं. त्यात प्रिंटरचं पूर्ण मॉडेल, लॅपटॉपचा असेट क्रमांक आणि घरी छापायची गरज का आहे, हे लिहिलं. कारण लिहिलं की वरिष्ठांची मंजुरी लवकर येते, हा माझा अनुभव. आयटीच्या मुलाने दुरून लॅपटॉप हातात घेतला आणि प्रिंटरच्या कंपनीचा ड्रायव्हर न घालता विंडोजमधलाच सर्वसाधारण आयपीपी (नेटवर्कवरून छपाईची सर्वमान्य पद्धत) ड्रायव्हर वापरला. शाईची पातळी दाखवणारी सोय गेली, पण कागद छापला जातो. नवा प्रिंटर घेणार असाल तर त्याला वाय-फाय किंवा लॅनची सोय आहे ना आणि तो ‘मोप्रिया’ किंवा ‘एअरप्रिंट’ (वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छपाईच्या सोयी) चालवतो ना, एवढं दुकानात विचारा.

म्युनिक, जर्मनी.

माझा ऑफिसचा लॅपटॉप मॅक आहे. एअरप्रिंटमुळे ड्रायव्हर लागला नाही, प्रिंटर यादीत आला आणि छापायला लागला. घरच्या विंडोज पीसीवरच्या फाइलींसाठी फाइंडरमध्ये ‘कनेक्ट टू सर्व्हर’. युजरनेमचं मात्र ताईंनी लिहिलंय तेच.

सोलापूर. निवृत्त, लॅपटॉप सुनेचा.

आमच्या घरी पूर्वी विंडोज ७ चा होमग्रुप होता. एक पासवर्ड टाकला की सगळं घर जोडलं जायचं. २०१८ च्या अपडेटमध्ये तो विंडोज १० मधून काढून टाकला. तो असतानाही ऑफिसच्या डोमेनमधल्या लॅपटॉपला इतरांचं पाहता यायचं, पण स्वतःचं होमग्रुपमध्ये शेअर करता येत नसे. म्हणजे वाकडच्या दादांनी सांगितलेली दिशा तेव्हाही तीच होती.

आता राउटरच्या मागे यूएसबीने हार्ड डिस्क लावली आहे. माझ्या पीसीवर दिसते, सुनेच्या लॅपटॉपवर नाही. कोणी म्हणालं, तिच्या लॅपटॉपवर एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा. मी साफ नको म्हटलं. वॉनाक्रायने ज्या जुन्या पद्धतीतली फट वापरली ती हीच. विंडोज १० मध्ये २०१७ च्या शरद ऋतूतल्या आवृत्तीपासून ती मुळात बसवलेलीच येत नाही. त्यात आमची डिस्क बिनपासवर्डची, आणि पाहुण्यासारखं बिनपासवर्ड आत जाणंही कंपन्यांच्या विंडोजमध्ये बंद असतं. विंडोज ११ च्या २४एच२ या अपडेटपासून तर प्रो आवृत्तीतही. डिस्क काढून माझ्या पीसीला लावली आणि तिथून पासवर्डने शेअर केली. सुनेचा लॅपटॉप होता तसाच राहिला.

नागपूर. एका रुग्णालयाच्या प्रशासनात.

सगळे छापायचं कसं ते लिहित आहेत. मला छापल्यानंतरचं लिहावंसं वाटतं. आपल्या घरांत पाठकोरा कागद टाकून देत नाहीत. मुलांच्या गणितासाठी, वाण्याच्या यादीसाठी तो ड्रॉवरमध्ये जातो. एकदा लेकीने रंगवलेलं चित्र हातात घेतलं आणि उलटं केलं, तर मागे एका रुग्णाचं नाव, वय आणि तपासण्यांची यादी. तिने ते कागद माझ्या टेबलावरूनच घेतले होते. त्या माणसाचा यात काय दोष? २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे झाला, पण कायदा नसता तरी हे मनाला लागलंच असतं. तेव्हापासून कामाची कागदं वेगळ्या फाइलीत आणि ती फाइल ऑफिसात परत. फाडायचं यंत्र तिथेच आहे.

दुसरं, प्रिंटर जुळत नाही म्हणून कामाची फाइल स्वतःच्या मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून घरच्या पीसीवरून छापणं. हे आजूबाजूला सर्रास चालतं. कृपा करून करू नका. ती फाइल मग कुठे कुठे राहते ते आपल्या हातात राहत नाही.

डोंबिवलीहून, धागाकर्ती.

नागपूरच्या ताईंचं वाचून मी आज घरातला ड्रॉवर उपसला. कामाचं काही निघालं नाही, पण यापुढे नजर ठेवणार.

स्कॅनिंगबद्दल अजून कोणीच लिहिलेलं नाही, तर माझ्याकडची मांडणी सांगते. ऑफिसच्या लॅपटॉपवर स्कॅनरचं सॉफ्टवेअर घालायची परवानगी नाही. म्हणून वैद्यकीय बिलं, भाडेपावत्या असे माझेच कागद मी घरच्या डेस्कटॉपवर स्कॅन करते आणि त्या ‘वाचक’च्या फोल्डरमध्ये ठेवते. लॅपटॉपवरून फोल्डर उघडायचं, पीडीएफ उचलायची, कंपनीच्या पोर्टलवर चढवायची. थेट फोल्डरमध्ये स्कॅन पाठवणारा प्रिंटर कोणाकडे असेल, तर त्याला कुठलं खातं आणि किती हक्क दिलेत तेवढं लिहा. माझ्या ‘वाचक’ खात्याला लिहिण्याचा हक्क नाही, आणि तो न देता हे जमतं का ते मला पाहायचं आहे.