मदत हवी आहे: सातव्या महिन्यात गाभडलेल्या गायी, पुढची तपासणी कोणती?

गोठा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, संकरित गायी, कृत्रिम रेतन. लागोपाठ दोन गाभडल्या, दोन्ही सातव्या महिन्यात, एकीची वार अडकली. मार नाही, खाद्यात बदल नाही. ब्रुसेलाची (गाभडवणारा जिवाणू) रोझ बेंगाल रक्तचाचणी निगेटिव्ह, पण रक्त दुसऱ्याच दिवशी घेतलेलं. इतक्या लवकर ब्रुसेला चुकू शकतो, म्हणून भरवसा नाही. दोघी विकतच्या, कालवडपणी (4 ते 8 महिने) ब्रुसेलाची लस मिळाली का कळत नाही. पावसात गोठ्यात पाणी साचतं, उंदीर खूप, म्हणून लेप्टोचाही (उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) संशय. गर्भ-वार हातमोजे घालून चुन्यात पुरले, दूध उकळूनच वापरतो. बाकीच्या गाभण गायींची फार काळजी वाटते. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेताना ब्रुसेला, लेप्टो, आयबीआर (गाभडवणारा विषाणूजन्य रोग), निओस्पोरा (गाभडवणारा परजीवी) एकाच नमुन्यात होतं का, सीरम किती लागतं, आणि गोव्यातून कुठे पाठवायचं?