इंजिन क्लीनर मारल्यापासून गाडी पकडतच नाहीये

धायरीवाला:
मंडळी, स्वतःच्या हाताने घोळ घालून बसलोय. काल सुट्टी म्हणून बॉनेट उघडलं, इंजिनवर ऑईल आणि धुळीचा हा एवढा थर, मग डीग्रीसरचा स्प्रे मारला, दहा मिनिटं ठेवला आणि सोसायटीच्या नळाला पाइप लावून धुऊन काढलं. दिसतंय एकदम नवंकोरं, फक्त गाडी चालू होत नाही. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ३ सिलेंडर. सेल मारला की फिरतंय व्यवस्थित पण पकडत नाही, एकदा जेमतेम भुर्र झालं, थरथरली आणि बंद, मागे पेट्रोलचा वास. पंधरा-वीस वेळा सेल मारून झाला, आता बॅटरीपण दमलीय. गुरुवारी सासऱ्यांना वाईला न्यायचंय हो. ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला असेल का?

पेठेतला:
बॉनेट उघडं टाकून फिरता का, इंजिन कोण बघतं? असो. आधी सेल मारणं बंद करा.

जुना_फिटर:
ईसीएम वगैरे लगेच मनात आणू नका. सेल फिरतोय, पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे पेट्रोल जातंय आणि ठिणगी पडत नाहीये. तुमच्या गाडीत बहुतेक प्रत्येक स्पार्क प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीसाठी करंट देणारी) असेल आणि प्लग खोल खड्ड्यात बसलेला असतो, पाइपचं पाणी तिथेच साचतं. बॅटरीची मायनस काढा, कॉइलचं सॉकेट काढा (लॉक दाबून, ओढू नका, उन्हाने प्लास्टिक कडक झालेलं असतं), १० नंबरचा बोल्ट खोला आणि कॉइल सरळ वर उचला. रबर ओलं निघालं की समजा चोर सापडला. एक महत्त्वाचं, खड्डा कोरडा केल्याशिवाय प्लग खोलायचा नाही, नाहीतर सगळं पाणी सिलेंडरमध्ये. लांब स्क्रूड्रायव्हरला सुती फडकं गुंडाळून टिपून घ्या, मग हवा मारा. फ्यूज बॉक्सचं झाकण आणि एअर फिल्टरपण बघून घ्या, फिल्टर भिजला असेल तर तो वाळवत बसू नका, नवीन टाका.

कात्रज_कट्टा:
हवेसाठी पंक्चरवाल्याकडून छोटा कॉम्प्रेसर आणणार असाल तर आधी दोन मिनिटं जमिनीवर हवा सोडून बघा, टाकीत पाणी साचलेलं असतं त्यांच्या, मी तेच पाणी कॉइलवर मारून आणखी एक दिवस घालवला होता. आणि धक्का मारून चालू करायच्या भानगडीत पडू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या पाइपमधला धूर स्वच्छ करणारा भाग) जातं, तो खर्च कॉइलच्या कितीतरी पट.

जुना_फिटर:
बरोबर. सगळं कोरडं झालं की बॅटरी चार्ज करून घ्या, ॲक्सिलरेटर पूर्ण तळाला दाबून ५ ते १० सेकंदच सेल मारा. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत तसं केलं की इंजेक्टर बंद राहतात, सिलेंडरमधलं जास्तीचं पेट्रोल निघून जातं. पकडली की लगेच पाय उचला.

धायरीवाला:
झालं हो! १ नंबरच्या खड्ड्यात अर्धी वाटी पाणी, तेपण फेसाळ, डीग्रीसरसकट. २ नंबर नुसता दमट, ३ कोरडा ठणठणीत. बायकोचा हेअर ड्रायर वापरला (तिला अजून माहीत नाही). शेजारच्या गाडीवरून जंपर लावला, तिसऱ्या सेलला पकडली, मिनिटभर मिसिंग करत खोकली, पांढरा धूर सोडला, आता छान चालतेय. चेक इंजिनची लाइट तेवढी राहिलीय.

जुना_फिटर:
ईसीएममध्ये मिसफायरचा (सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचा) कोड साठला असेल. लाइट स्थिर असेल आणि गाडी मिसिंग करत नसेल तर दोन-चार दिवस चालवा, बऱ्याचदा आपोआप जाते, नाहीतर स्कॅनर लावून कोड पुसता येतो. पण लुकलुकायला लागली तर बाजूला घेऊन बंद करा, म्हणजे बहुतेक कॉइल गेली. नाना पेठेत मिळेल, जुनी सोबत न्या, नुसतं गाडीचं नाव सांगितलं तर दुसरीच गळ्यात मारतात.

पेठेतला:
वाईला जाताना खंबाटकी घाटात चढावर बघा मिसिंग करते का. सासऱ्यांना न्यायच्या आधी एकटेच चक्कर मारून या म्हणजे झालं.

धायरीवाला:
उद्या सकाळी सिंहगडाच्या घाटात नेऊन आणतो.