मदत हवी आहे: भर दुपारी लेटन गुणोत्तर ३.५ येतंय

माध्यान्ह
तीन दिवस डोकं फोडतोय, शुक्रवारी अहवाल द्यायचाय. एनओ (नायट्रिक ऑक्साइड), एनओटू (नायट्रोजन डायऑक्साइड) आणि ओझोनची मोजणी चालू आहे. दुपारी १२ ते २ मधले नेहमीचे आकडे असे: एनओ ०.९ पीपीबी (अब्जात भाग), एनओटू ९, ओझोन ५२. जे(एनओटू), म्हणजे उन्हात एनओटू फुटण्याचा दर, ०.००८५ प्रति सेकंद. एनओ-ओझोन अभिक्रियेचा वेग-स्थिरांक के १.९ × १०^-१४ धरलाय. लेटन गुणोत्तर म्हणजे जे × एनओटू भागिले (के × एनओ × ओझोन), एनओटू उन्हात फुटण्याचा वेग भागिले ओझोनमुळे तो परत तयार होण्याचा वेग. गुणोत्तर १ च्या आसपास यायला हवं, फार तर दीड. माझं ३.५ येतंय आणि रोज येतंय. एककं तपासली, १ पीपीबी म्हणजे २.४६ × १०^१० रेणू प्रति घनसेंमी हेच घेतलंय. कोड दोनदा नव्याने लिहिला. कॅलिब्रेशन झालेलं आहे. कुठे चुकतंय? लवकर सांगा प्लीज.

रॅडिकल
चूक कशाला शोधताय? १ च्या वर गेलं म्हणजे पेरॉक्सी रॅडिकल्स आहेत. एचओटू आणि आरओटू ओझोनला हात न लावता एनओचं एनओटू करतात, सूर्यप्रकाशात ओझोन तयार होतो तो याच वाटेने. आमच्याकडेही १.८ आलं होतं. तसंच लिहून टाका.

कॅलिब्रेटर
@रॅडिकल, १.८ आणि ३.५ मध्ये फार फरक आहे. वरचं २.५ जर सगळं पेरॉक्सीचं म्हणायचं, तर २.५ × के × ओझोन भागिले ८ × १०^-१२ (पेरॉक्सी-एनओ अभिक्रियेचा वेग-स्थिरांक) करून बघा. ३०० पीपीटीच्या (१००० पीपीटी म्हणजे १ पीपीबी) वर जातं. दुपारी काही दहा पीपीटी सापडतात. एवढी रॅडिकल्स असती तर ओझोन ५२ वर थांबलाच नसता.
@माध्यान्ह, एनओटूचं एनओ करून मोजायला लावलेला कन्व्हर्टर कुठला? नळी किती लांब? जे मोजलाय की मॉडेलमधून घेतलाय? यातलं एकही लिहिलेलं नाही तुम्ही.

माध्यान्ह
कन्व्हर्टर नेहमीचाच. नळी छतापासून खोलीपर्यंत. जे टीयूव्ही या सूर्यप्रकाशाच्या मॉडेलमधून, दुसरीकडून कुठून आणणार?

एलईडीवाली
'नेहमीचा' म्हणजे ३२५ अंशांना तापवलेला मॉलिब्डेनम ना? मग तुमचा एनओटू हा एनओटू नाहीच. पॅन (पेरॉक्सीअ‍ॅसिटाइल नायट्रेट), नायट्रिक आम्ल, अल्काइल नायट्रेट्स, एचओएनओ (नायट्रस आम्ल), जे जे येईल त्याचं थोडंफार एनओ करून तो एनओटूच्या खात्यात जमा करतो. त्यातही दुपारीच ही मंडळी सगळ्यात जास्त असतात, कारण तीसुद्धा उन्हातच तयार होतात. ३९५ नॅनोमीटर एलईडीचा फोटोलिटिक, म्हणजे प्रकाशाने एनओटू फोडणारा, कन्व्हर्टर लावा, प्रश्न संपला.

कॅलिब्रेटर
प्रश्न संपत नाही. त्याची रूपांतर-क्षमता १०० टक्के नसते, ती गॅस फेज टायट्रेशनने (एनओत ओझोन मिसळून ठरावीक एनओटू तयार करून) सतत तपासावी लागते. कोठी तापली की पॅन तिथेही थोडा फुटतो. शिवाय शुक्रवारच्या आत यांच्याकडे तो येणार कुठून?

एलईडीवाली
शुक्रवारपर्यंत येणार नाही, हे मान्य. पण मॉलिब्डेनमच्या एनओटूवर लेटन गुणोत्तर काढून अहवालात घालणं मला पटत नाही. निदान 'कमाल मर्यादा' असं स्पष्ट लिहा.

रस्ताकडेचा
जवळ रस्ता आहे का? ताजा धूर येत असेल तर स्थिरस्थिती, म्हणजे एनओटू फुटणं आणि बनणं यांचा समतोल, यायला वेळ मिळत नाही. कारण तेच असणार.

कॅलिब्रेटर
रस्त्याचा परिणाम उलटा होईल. ताज्या धुरात मुख्यतः एनओ असतो, एनओ छेदात आहे, म्हणजे गुणोत्तर १ च्या खाली यायला हवं. यांचं वर गेलंय. आणि यांच्या आकड्यांवर स्थिरस्थितीचा काळ १ भागिले (०.००८५ + ०.०२४३), जेमतेम ३० सेकंद.

रस्ताकडेचा
थेट एनओटू सोडणारी डिझेल वाहनंही असतात.

माध्यान्ह
जवळ रस्ता नाही. कृपया नेमकं सांगा.

वरून_पाहणारा
जमिनीवरच्या मोजमापात हे असंच होतं. सेंटिनेल-५पी वरचं ट्रोपोमी उपकरण २०१७ पासून दुपारी दीडच्या सुमारास वरून जातं आणि एनओटूचा पूर्ण स्तंभ देतं. माहिती मोफत आहे. मी तेच वापरतो.

कॅलिब्रेटर
स्तंभातला एनओटू घेऊन लेटन गुणोत्तर निघत नाही. एनओ आणि ओझोन त्याच जागी, त्याच क्षणी लागतात. @माध्यान्ह, नळी किती मीटर, आतला व्यास किती, प्रवाह किती?

माध्यान्ह
१२ मीटर. पाव इंची पीएफए प्लास्टिकची, आतून ४ मिमीच्या आसपास. विश्लेषक मिनिटाला ०.६ लिटर ओढतो. नळीवर काळी पाइप चढवलेली आहे. नळीचा आणि गुणोत्तराचा संबंध काय?

कॅलिब्रेटर
आकारमान १५० घनसेंमी, प्रवाह सेकंदाला १० घनसेंमी. म्हणजे हवा १५ सेकंद त्या काळोखात आहे. काळोखात एनओटू फुटणं बंद, पण ओझोन एनओला खाणं चालूच. के × ओझोन = ०.०२४३ प्रति सेकंद, गुणिले १५ = ०.३६. ई चा उणे ०.३६ वा घात म्हणजे ०.६९. जवळजवळ तिसरा हिस्सा एनओ वाटेतच एनओटू होतोय. अंश फुगतो, छेद आटतो, दोन्ही चुका एकाच दिशेच्या.

आणि दुसरं. पहाटे २ ते ४ मध्ये एनओ किती दाखवतो? तेव्हा ओझोन किती असतो?

शब्दप्रेमी
धागा वाचतोय. एक विनंती, ट्रोपोस्फिअरला 'तपांबर' आणि फोटोलिसिसला 'प्रकाशविघटन' असे चांगले मराठी शब्द आहेत. अहवाल मराठीत असेल तर जरूर वापरा.

एलईडीवाली
प्रकाशविघटन छान शब्द आहे, मीही वापरते. पण जे-व्हॅल्यूला काय म्हणायचं?

शब्दप्रेमी
प्रकाशविघटन वारंवारता. एकक प्रति सेकंद असल्याने ते शोभतंही.

माध्यान्ह
इथे मी अडकलोय आणि तुम्ही शब्दांवर! पहाटे एनओ -०.३५ दाखवतो, ओझोन २५ असतो. ऋण आकडे कोडमध्ये मी ० करतो, सगळेच करतात.

कॅलिब्रेटर
सगळे करत नाहीत, आणि करू नये. २५ पीपीबी ओझोनमध्ये एनओ दीडएक मिनिटात संपतो. आसपास काही जळत नसेल तर पहाटेचा खरा एनओ शून्यच असतो. म्हणजे -०.३५ हे तुमच्या शून्याचं सरकणं आहे. तेवढंच दुपारीही वजा झालेलं आहे आणि ते तुम्हाला दिसत नाही, कारण ०.९ हा आकडा दिसायला ठीक वाटतो. कॅलिब्रेशन कितीवर केलं होतं?

माध्यान्ह
१०० आणि २०० पीपीबी. शून्य-हवा सुरुवातीला एकदा दिली होती.

कॅलिब्रेटर
२०० वर उतार जुळला म्हणजे १ पीपीबीवर शून्य जुळलं असं होत नाही. आता हिशेब करू. ०.९ + ०.३५ = १.२५. नळीची भरपाई, भागिले ०.६९, म्हणजे १.८. तेवढाच एनओटूतून काढा: ९ वजा ०.५५ = ८.४५. एनओ आणि एनओएक्स (एनओ + एनओटू) दोन्ही वाहिन्यांचं शून्य सारखंच सरकलंय असं इथे मी धरलंय, ते तुम्ही तपासा. गुणोत्तर: ०.००८५ × ८.४५ भागिले (०.०२४३ × १.८) = १.६४.

रॅडिकल
१.६४ म्हणजे मग पेरॉक्सी आहेतच की. ८० पीपीटी.

एलईडीवाली
नाहीतर मॉलिब्डेनममधला पॅन आहे. या उपकरणावर दोघांत फरक करता येत नाही.

रॅडिकल
तुम्ही सगळं त्या कन्व्हर्टरवर ढकलता.

एलईडीवाली
कारण मी दोन्ही शेजारी शेजारी लावून एक उन्हाळा मोजलंय. सकाळी दोन्ही रेषा एकावर एक, आणि दुपारी तीनला मॉलिब्डेनमची रेषा वर उचललेली. रोज.

प्रवाहमापी
जे राहिलाच की. टीयूव्ही निरभ्र आकाशासाठी चालवला होता ना? ढग आला तर खरा जे कमी, तुमचा तसाच, म्हणजे गुणोत्तर पुन्हा फुगलं. हवामान मस्तुलावर पायरॅनोमीटर (एकूण सौर प्रारण मोजणारं उपकरण) आहे का?

माध्यान्ह
आहे. त्यावरून जे काढू?

प्रवाहमापी
सरळ गुणाकाराने नको. ढग एकूण सौर प्रारणाला जितका अडवतो तितका अतिनील भागाला अडवत नाही, आणि जे मुख्यतः ४२० नॅनोमीटरच्या खालच्या प्रकाशावर चालतो. शिवाय पायरॅनोमीटर आडव्या पृष्ठावर पडणारं मोजतो, रेणूला प्रकाश सगळ्या बाजूंनी मिळतो. पायरॅनोमीटर फक्त दिवस निवडायला वापरा. ज्या दिवशी दुपारचा वक्र गुळगुळीत आहे तेवढेच ठेवा, दातेरी दिवस टाका.

माध्यान्ह
आज दुपारी विश्लेषक छतावरच्या खोक्यात नेला आणि दीड मीटर नळी लावली. एनओ ताबडतोब वर गेला, १.४ ते १.५. आधीच्या १२ मीटर नळीच्या तोंडाचा फिल्टर काढला तर तो तपकिरी पडला होता आणि कडेला धुळीचं वर्तुळ. १९ दिवसांपैकी गुळगुळीत वक्राचे ७ निघाले. त्यांवर सगळ्या दुरुस्त्या करून सरासरी १.५. रागावून लिहिलं त्याबद्दल क्षमस्व.
पण आधीच्या दोन महिन्यांचं काय? ते फेकायचे का?

कॅलिब्रेटर
फेकू नका. नळीची दुरुस्ती होते, कारण ओझोन मिनिटागणिक नोंदलेला आहे. फक्त तो घाणेरडा फिल्टर ओझोनच्याही वाटेत होता का ते बघा, असेल तर ओझोनही कमीच मोजला गेलाय आणि छेद आणखी लहान झालाय. शून्य रोजच्या पहाटेवरून काढा, जिथे ओझोन २० च्या वर आहे त्याच रात्री धरा. ऋण आकडे परत आणा. मॉलिब्डेनमचं मात्र मागे जाऊन काही करता येणार नाही, तिथे एलईडीवाली म्हणतात तसं कमाल मर्यादा लिहा.

माध्यान्ह
ओझोनची नळी वेगळी आहे, फिल्टरही वेगळा. तो पांढराच आहे, आत्ताच बघून आलो.

कॅलिब्रेटर
मग तेव्हाचा प्रवाह हवा. ०.६ आजचा आहे. विश्लेषक स्वतः नोंदतो, निदानाच्या फाइलमध्ये मिळेल.

माध्यान्ह
मिळाला. पहिल्या महिन्यात ०.६२, मग उतरत ०.५१. फिल्टर भरत गेला तसा उतरलाय. म्हणजे नळीतला वेळ १५ वरून १८ सेकंदांच्या आसपास गेला. दिवसागणिक घालून पुन्हा चालवतो.