टर्बो गेला म्हणता, पण मारला कुणी ते बघितलं का?

काळाधूर: परवा एकाने इथे ठोकून दिलं, "जुन्या गाडीचा पिकअप पडला, धूर वाढला की सरळ टर्बो बदला, खोलाखोली करत बसू नका." वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. टाटा २५१५ ट्रक, ५.९ लिटरचं कमिन्स इंजिन, बीएस २ च्या (प्रदूषणाच्या जुन्या नियमाच्या) काळातली गाडी. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. काळा धूर आणि पिकअप नाही म्हणजे बहुतेक वेळा हवा कमी पडतेय. एअर फिल्टर बघा, मग इंटरकूलरचे (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीचे) होज. फाटलेला होज वरून दिसत नाही, क्लिपखाली तेलकट काळा डाग असतो तिथे बोट फिरवा. निळा धूर असेल तर ऑइल जळतंय, पण तेही टर्बोचंच कशावरून? ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) भकाभका वाफ येत असेल तर इंजिनच ब्लो-बाय मारतंय, म्हणजे जळालेला वायू पिस्टनच्या कडेने खाली गळतोय. क्रँककेसचं, म्हणजे इंजिनच्या पोटातलं प्रेशर वाढलं की टर्बोचं ऑइल खाली उतरत नाही आणि सीलमधून बाहेर पडतं. तिथे नवा टर्बो लावला तरी तोही ऑइल टाकणार.

घाटकिंग: तो सल्ला माझाच होता. गाडी उभी राहिली की हप्ता थांबत नाही साहेब. तुम्ही बोट फिरवत बसा, आमचा माल तिकडे सडतो. टर्बोचा शाफ्ट (मधला दांडा) हातात घेतला, हलला, टर्बो गेला, विषय संपला.

काळाधूर: हलला म्हणजे कुठल्या बाजूला?? वर-खाली थोडा हलणारच, बेअरिंग ऑइलवर तरंगतं. आत-बाहेर हलत असेल किंवा पंखा हाउसिंगला घासल्याच्या खुणा असतील तर गेला. हे न बघता धडधाकट टर्बो भंगारवाल्याला देणारे मी बघितलेत.

मिस्त्रीमामा: भाऊ बरोबर बोलतोय. आमच्याकडे एक गाडी आली होती, मालकाने दुसरीकडे नवा टर्बो बसवलेला, महिन्यात परत शिट्टी. टर्बोला ऑइल देणारा फीड पाइप काढला तर आत कार्बन धरून भोक सुईएवढं राहिलेलं. ऑइलच पोचत नव्हतं. आणि त्या फिटरने ड्रेनच्या (ऑइल खाली उतरायच्या पाइपच्या) फ्लँजला गॅस्केटऐवजी सिलिकॉन थापलेलं, त्याचा तुकडा आत लोंबत होता. नवीन बसवताना ऑइल-फिल्टर बदला, टर्बोत हाताने ऑइल ओता, स्टॉपची केबल ओढून (म्हणजे डिझेल बंद) धरून सेल्फ मारा, ऑइल प्रेशर आलं की मगच स्टार्ट.

मालक_नाशिक: सगळं ठीक, पण टर्बो मारतात ड्रायव्हरच. कसारा फुल लोडमध्ये चढतात, इगतपुरीला धाबा दिसला की स्टॉप. लालभडक टर्बोतलं ऑइल तिथेच करपतं. दोन-तीन मिनिटं आयडल (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ठेवायला काय होतं?

स्टेरिंगवाला: आलं ड्रायव्हरवर! अॅव्हरेज कमी आलं की पगारातून डिझेल कोण कापतं? तुम्हीच ना? मग आम्ही आयडलला जाळायचं कशाला?

मालक_नाशिक: तीन मिनिटात पावशेर डिझेलसुद्धा जात नाही. पंप ते पंप टाकी भरून हिशेब होतो, त्यात हे दिसतही नाही. डिझेल विकणाऱ्यांनी अॅव्हरेजच्या गप्पा मारू नयेत.

स्टेरिंगवाला: तोंड सांभाळून! चोर म्हणायचं असेल तर समोर येऊन म्हणा. रात्रभर गाडी आम्ही ओढायची, एअर फिल्टर मागितला की "झटकून लाव" म्हणणारे मालक तुम्हीच. धूळ खाऊन पंख्याची पाती झिजली की नाव ड्रायव्हरचं.

मिस्त्रीमामा: फिल्टर हवेने मारून मारून फाडतात हे मात्र खरंय. वरून बघून कळत नाही, आत बल्ब धरा.

घाटकिंग: आयडलचं कौतुक जरा जास्तच चाललंय. घाट संपल्यावर धाब्यापर्यंत गाडी हळूच येते, तेवढ्यात टर्बो गार होतो. घाट चढून तिथल्या तिथे उभी केली तर गोष्ट वेगळी.

काळाधूर: चला, एक तरी गोष्ट खोलून बघितलीत. फीड पाइपचं काय?

घाटकिंग: बदलतो बाबा फीड पाइप, खूश? होजपण बघतो. पण शाफ्ट आत-बाहेर हलला तर कोर (टर्बोचा आतला फिरता भाग) दुरुस्त करून भरायच्या भानगडीत पडणार नाही, अख्खा नवा कंपनीचा घेणार. गल्लीत भरलेल्या कोरला बॅलन्सिंग कुठे करतात, लाखावर आरपीएम फिरतो तो.

काळाधूर: ते मान्य. तेवढंच मान्य.

स्टेरिंगवाला: मालक गप्प झाले बहुतेक.

मालक_नाशिक: गप्प नाही, गाडी भरत होतो. ठीक आहे, घाटानंतरचं तीन मिनिटांचं डिझेल माझ्या खात्यावर. पण इंजिन चालू ठेवून मोबाइल चार्ज करत झोपलेलं दिसलं तर कापणारच.

स्टेरिंगवाला: आधी नवा एअर फिल्टर पाठवा, मग बोला.