दादी चपला घालून झोपतात. विचारावं की गप्प बसावं?

उल्हासकाठ:
आमच्या शेजारच्या दादी सिंधी, वय 84. 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल उसळली आणि त्यानंतर त्यांचं कुटुंब बोटीने मुंबईला, तिथून कल्याण कॅम्पात आलं. तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. महायुद्धातल्या लष्करी बराकी, त्यात लाखभर माणसं. गोणपाटाचा पडदा लावला की पलीकडे दुसरं बिऱ्हाड. 8 ऑगस्ट 1949 ला त्याच छावणीचं उल्हासनगर झालं.

लहानपणी लाइट गेली की आम्ही पोरं कल्ला करत बाहेर पळायचो. दादी आधी चपला घालायच्या, ओढणी डोक्यावरून घट्ट घ्यायच्या आणि खाटेच्या कडेला बसून राहायच्या. लाइट आली की चपला काढून पुन्हा पोळपाटाशी. आम्हाला ती त्यांची सवय वाटायची. मागच्या दिवाळीत आजोबा गेले, तेव्हापासून त्या रोज चपला घालूनच झोपतात. रात्री दोनला उठून कडी तपासतात. धाकट्या भावाला हाका मारतात. असा भाऊ होता आणि तो कॅम्पात तापाने गेला, हे सुनेलासुद्धा आत्ता कळलं.

फाळणीत आलेल्या लोकांच्या कष्टांचे आपण इतके गोडवे गायले की त्यांच्या दुःखाला जागाच ठेवली नाही. दादींना मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं असं माझं ठाम मत आहे. मुलगा म्हणतो, वय झालंय. तुम्हाला काय वाटतं?

कॅम्पनंबरतीन:
ताई, मी सिंधी आहे आणि मला हे पटत नाही. माझे आजोबा लोकलमध्ये पापड विकायचे. कुणी ‘शरणार्थी’ म्हटलं तर थांबून सांगायचे, ‘शरणार्थी नाही, पुरुषार्थी.’ त्या एका शब्दावर आमचं घर उभं राहिलं. रडत बसायची सोय नव्हती म्हणून ते रडले नाहीत असं लोक म्हणतात. मला वाटतं, काम हेच त्यांचं औषध होतं. सकाळी पापडाचा डबा उचलला की माणूस पुढे चालायला लागतो. आता 84 व्या वर्षी दादींना खुर्चीत बसवून ‘कराचीत काय पाहिलंत’ विचारणार? सत्तर-पंचाहत्तर वर्षांची खपली काढायचा हक्क कुणी दिला? आमच्या म्हाताऱ्यांना रुग्ण ठरवू नका.

निवांतपणे:
मी समुपदेशक आहे, कळकळीने लिहितेय. खपलीबद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे. आघातानंतर लगेच माणसाला बसवून एका बैठकीत सगळं बोलून घ्यायचं, ही पद्धत वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेनेच 2013 मध्ये सांगितलं. बहुतेक माणसं सुरक्षित छप्पर, आपली माणसं आणि हाताला काम मिळालं की सावरतात. पण बहुतेक म्हणजे सगळी नव्हेत. याच संघटनेच्या 2019 च्या अंदाजानुसार युद्ध-संघर्षाच्या प्रदेशात साधारण 22 टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. लांबलेला शोक हा आता आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्वतंत्र नोंद आहे. निदानासाठी किमान सहा महिने तो टिकलेला असावा लागतो, शिवाय त्या समाजाच्या रीतीपेक्षा तो स्पष्टपणे जास्त असावा लागतो. दुखवटा पाळणारा प्रत्येक माणूस त्यात बसत नाही.

दादींच्या बाबतीत नवं जाणं जुन्या जाण्याला जाऊन भिडलंय असं दिसतं. तरी आधी साध्या डॉक्टरांना दाखवा. या वयात रात्रीचा गोंधळ स्मृतिभ्रंशाने, लघवीच्या संसर्गाने, एखाद्या गोळीनेही होतो. मग तज्ज्ञ. घरच्यांना बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, मराठीतही बोलता येतं.

सीमेपलीकडे:
माझा विरोध वेगळा आहे. 2017 च्या ऑगस्टनंतर सात लाखांवर रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात, कॉक्स बाजारला आले. त्यांच्या बोलीत मनाच्या तगमगीला ‘अशांती’ म्हणतात. मला तो शब्द फार खरा वाटतो, कारण तो डोक्यात बसलेल्या रोगाचा नाही, शांतता हिरावली गेल्याचा आहे. त्यांना नागरिकत्व नाही, रीतसर नोकरी करायची मुभा नाही, परतीची वाट नाही. अशा माणसाला श्वासाचे व्यायाम शिकवून काय होणार? आधी कागद द्या, काम द्या. उल्हासनगरला निदान नागरिकत्व मिळालं, धंदा करता आला. पुरुषार्थ दाखवायलाही जमीन लागते.

उल्हासकाठ:
@सीमेपलीकडे, कागद हवाच, त्यात वादच नाही. पण दादींकडे कागद आहे, घर आहे, पेन्शन आहे, नातवंडं आहेत. तरी पायात चपला आहेत. कागद मिळाल्यावर जे उरतं त्याचं काय, एवढंच मी विचारतेय. 1950 मध्ये भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांनी वेड्यांच्या इस्पितळांतल्या रुग्णांची अदलाबदल केली. दार लावून ठेवलेल्या माणसांची फाईल झाली. बराकीत भाऊ गमावलेल्या सात वर्षांच्या मुलीला तेव्हा कुणी काही विचारल्याचं त्यांच्या घरात कुणाला आठवत नाही.

@कॅम्पनंबरतीन, दादा, आजोबांबद्दल आदरच आहे. पण त्यांनी डबा उचलला तो दिवसा. रात्रीचं कुणी पाहिलं?

कॅम्पनंबरतीन:
रात्रीचं आजीने पाहिलं असेल. ती कधी बोलली नाही आणि आम्ही विचारलं नाही, हे खरं. तरी माझं मत तेच. डॉक्टरकडे न्या, झोपेचं बघा, पण त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय कराचीचं काढू नका. आणि एक विनंती. चपला काढायला लावू नका.

उल्हासकाठ:
नाही लावणार. काल सुनेने खाटेखाली टॉर्च ठेवला आणि सांगितलं, ‘दादी, लाइट गेली तर हा इथे आहे.’ दादींनी तो हातात घेऊन दोनदा लावून पाहिला. मग आपणहून म्हणाल्या, तिथे बराकीत एकच कंदील होता, तो आईने भावाच्या उशाशी ठेवला होता. एवढंच बोलल्या. शुक्रवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मुलगा येतो म्हणालाय.