महासभेइतकाच कुलमातांचा विचार व्हावा
हौदेनोसौनी (इरोक्वा) हा उत्तर अमेरिकेतील मूळनिवासी राष्ट्रांचा संघ. अमेरिकेच्या राज्यघटनेवर त्याचा प्रभाव किती, यावरच त्याच्याविषयीची चर्चा अडकली आहे. अमेरिकी काँग्रेसने १९८८ साली ठराव करून त्या योगदानाची दखल घेतली हे खरे, तरी इतिहासकारांत त्याबाबत एकमत नाही, आणि मला तो प्रश्न दुय्यम वाटतो; महत्त्वाचे आहे ते कुलमातांचे, म्हणजे कुळप्रमुख स्त्रियांचे, स्थान.

या संघाच्या महाशांतीच्या कायद्यात, म्हणजे त्याच्या परंपरागत घटनेत, वंश आईकडून चालतो, सरदारपदाची नावे कुळाच्या मालकीची असतात आणि त्या पदावर कोणाला बसवायचे हे कुलमाता ठरवते. सरदार लोकहित सोडून वागू लागला, तर ताकिदी देऊनही न सुधारणाऱ्याला पदावरून उतरवण्याचा अधिकारही तिचाच. महासभेत, म्हणजे संघातील राष्ट्रांच्या सरदारांच्या सभेत, बहुमताने निर्णय होत नाही: मोहॉक व सेनेका राष्ट्रांचे सरदार आधी विचार करतात, मग विषय ओनायडा व कायुगांकडे जातो, आणि सभेच्या मध्यवर्ती अग्नीचे रक्षक असलेले ओनोंडागा शेवटी सहमतीवर शिक्कामोर्तब करतात.

१९२४ साली कॅनडा सरकारने तिथल्या ग्रँड रिव्हर या हौदेनोसौनी वसाहतीतील ही परंपरागत सभा बाजूला सारून निवडणुकीची परिषद लादली. गंमत अशी, की लोकशाहीच्या नावाने आणलेल्या त्या निवडणुकीत स्त्रियांना १९५१पर्यंत मताधिकारच नव्हता. परंपरागत सभा मात्र आजही भरते.