मदत हवी आहे: स्पितीसाठी मोटरहोम ६ मीटरची घेऊ की ९ मीटरची?

कस्तुरी_पुणे
नमस्कार मंडळी. जरा घाईची मदत हवी आहे. आम्ही मोटरहोम घेऊन हिमाचलमधल्या स्पितीला जायचं ठरवलंय. दिल्लीच्या एका एजन्सीकडे दोन गाड्या मोकळ्या आहेत. एक टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली, साधारण ६ मीटर लांब. दुसरी बसच्या चासीवरची, ९ मीटर. तिच्यात मागे वेगळी खोली, उभं राहून आंघोळ करता येईल असं बाथरूम, छतावर एसी, सगळं आहे. भाड्यातला फरक आम्ही बघून घेऊ. हॉटेलं नको आहेत, तेव्हा कृपया त्यावर चर्चा नको. रविवारी बुकिंगचे पैसे भरायचेत. कोणती घेऊ?

डोंगरवेडा
कधी जाताय? किती जण? शिमल्याकडून की मनालीकडून? गाडी कोण चालवणार? एवढं कळल्याशिवाय कुणीही उत्तर दिलं तरी ते अंदाजपंचे असेल.

भटकी_मुक्ता
९ मीटर अजिबात नको. आम्ही ट्रॅव्हलरवरच्या कॅम्परने किन्नौर-स्पिती केलंय. तरंडाच्या ढांकेत कडा पोखरून रस्ता काढलाय, डोक्यावर दगडाचं छप्पर आणि डाव्या-उजव्या बाजूला एक कडा, एक दरी. समोरून ट्रक आला की कुणीतरी मागे जायचं, आणि बहुतेक वेळा आपणच. ६ मीटरची गाडी मागे घेतानाही आमच्या चालकाला घाम फुटला होता. खाब ओलांडून नाकोकडे वर चढताना वळणांवर वळणं आहेत. लहान गाडी घ्या, डोळे मिटून.

रावसाहेब_नगरकर
मुक्ताताई, उगाच घाबरवू नका. हिमाचल परिवहनची बस किन्नौरमधल्या रेकाँग पिओहून स्पितीतल्या काझाला नेमाने जाते. ती काय ६ मीटरची असते? जिथे बस जाते तिथे ९ मीटरची मोटरहोम जाणारच. घरातली मोठी माणसं बरोबर असतील तर जागा हवी. मोठी घ्या.

भटकी_मुक्ता
रावसाहेब, ती बस चालवणारा माणूस त्याच रस्त्यावर आयुष्य काढतो. कुठल्या वळणावर थांबायचं, कुठे मागे जागा आहे, हे त्याला पाठ असतं. दिल्लीचा चालक पहिल्यांदा येत असेल तर?

अभि_चाकण
दोघांचंही बरोबर आहे, पण लांबीपेक्षा आधी मागचा ओव्हरहँग बघा, म्हणजे मागच्या चाकानंतर गाडी किती बाहेर आहे ते. बसच्या चासीवर मागे बेडरूम बांधतात तेव्हा हा भाग बराच लांब होतो. नाल्यात उतरून चढताना शेपूट दगडाला घासतं, आणि नेमका तिथेच खाली सांडपाण्याचा टँक आणि पाइप असतात. परिवहनच्या बसला असलं काही लटकलेलं नसतं.

दुसरं, उंची. रावसाहेबांची बस जाते हे खरं, पण तिच्या छतावर एसी नसतो. एसीने उंची सहज वीत-दीड वीत वाढते. गावातल्या खाली आलेल्या तारा आणि कड्याचं छप्पर, दोन्हीकडे तेवढं अंतर महत्त्वाचं. स्पितीत एसी लागतच नाही, हीटर लागतो.

तिसरं, वजन. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. त्यात माणसं, सामान, बॅटऱ्या. लोखंडी बेली पुलांवर किती टन चालतील याची पाटी असते, ती वाचून जायचं. एजन्सीकडून दोन्ही गाड्यांचं भरलेलं वजन लेखी मागा. ट्रॅव्हलरच्या नावापुढे जो ३३५० किंवा ४०२० आकडा असतो तो व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. तोही विचारा. ३३५० असेल तर वळणांवर सुख.

मेलबर्नकर
इथे ऑस्ट्रेलियात मोटरहोमचा चांगला अनुभव आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे साध्या कारच्या लायसन्सवर साडेचार टनांपर्यंतची गाडी चालवता येते, त्यामुळे बरेच लोक तिथपर्यंतच थांबतात. सिक्स-बर्थ म्हणजे सहा जणांना आडवं होता येतं एवढंच. पाऊस पडत असेल तर सहा जण आत बसून जेवू शकत नाहीत. आणखी एक, भाड्याची टू-व्हील-ड्राइव्ह मोटरहोम इथे कच्च्या रस्त्यावर न्यायला करारातच मनाई असते. गिब रिव्हर रोड ६६० किलोमीटरचा, त्यावर ती गाडी नेली आणि काही झालं तर विमा शून्य. तुमच्या करारात कच्च्या रस्त्याबद्दल आणि नाले ओलांडण्याबद्दल काय लिहिलंय?

कस्तुरी_पुणे
बापरे, किती प्रश्न! उत्तरं देते. मे महिन्यात, २० तारखेला दिल्लीहून. मुलांना तेव्हाच सुट्टी असते. मनालीकडून आत, चंद्रताल, काझा, मग किन्नौरमार्गे शिमला. आम्ही सहा जण: सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगा ८ वर्षांचा, मुलगी १३ वर्षांची. चालक एजन्सीचा. करार अजून पाठवलेला नाही त्यांनी. आता तरी सांगा, ६ की ९?

डोंगरवेडा
ताई, थांबा. गाडीच्या आधी मार्ग बदला. २० मेला मनालीकडून स्पितीत शिरताना लागणारी कुंझुम खिंड उघडी असेल असं धरून चालूच नका. साडेचार हजार मीटरच्या वरची खिंड आहे, बर्फ काढून रस्ता खुला व्हायला मे अखेर किंवा जून उजाडतो, आणि चंद्रतालचा फाटा त्याच्याही नंतर. अटल बोगदा २०२० साली सुरू झाल्यापासून रोहतांग चढावं लागत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं काझाही बारमाही झालं. बोगदा लाहौलला नेतो, स्पितीला नाही. कुंझुमच्या अलीकडे ग्रांफू ते बातल या टप्प्यात अजून नाले आणि दगडच आहेत, आणि दुपारनंतर बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढतं.

शिमल्याकडूनच जा आणि त्याच वाटेने परत या. ती वाट सासू-सासऱ्यांसाठीही बरी. कल्पा तीन हजार मीटरच्या जरा खाली, ताबो ३,२८० मीटर, काझा ३,६५० च्या आसपास. उंची हळूहळू वाढते. मनालीकडून एका दिवसात एवढं वर चढणं वयस्कर माणसांना सोसत नाही.

सह्यवारा_४बाय४
माझं मत विचाराल तर दोन्ही गाड्या सोडा. ४x४ पिकअप घ्या, वर रूफटॉप टेंट. लांग्झा, कोमिक, हिक्किम, कुठेही जा. मोटरहोम डांबरी रस्त्यासाठी असते.

भटकी_मुक्ता
सासू-सासरे रात्री शिडी चढून छतावर झोपायला जाणार का?

कोथरूडकर_ॲड
एक माहिती. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. जुनी बस विकत घेऊन स्वतः बदल केलेत तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते, नाहीतर नोंदणी अडकते. साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

कस्तुरी_पुणे
धन्यवाद, पण विकत घ्यायची नाहीये आणि चालवणार पण आम्ही नाही.

डोंगरवेडा, कुंझुमचं एजन्सीने सांगितलं नव्हतं. त्यांनी मनाली-काझा-शिमला असंच पत्रक पाठवलंय. बरं, शिमल्याकडून जाऊ. मग तर रस्ता चांगला ना? मग ९ मीटर चालेल?

अन्नपूर्णा_डोंबिवली
कस्तुरी, स्वयंपाकाचं काय ठरवलंयस? काझाच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजतच नाही. कुकर नेच, मुगाची डाळ आणि तांदूळ ने, तूर डाळीच्या वाटेला जाऊ नकोस. आणि गॅस! सिलिंडरमधला ब्युटेन शून्य अंशाला वायू व्हायचाच थांबतो, त्यामुळे थंडीत पहाटे शेगडी मंद जळते. चहाचं पाणी रात्रीच थर्मासमध्ये भरून ठेव.

रावसाहेब_नगरकर
अन्नपूर्णाताई, थालीपिठाची भाजणी न्यायला सांगा. काझात मोमो आणि थुक्पा उत्तम मिळतो, पण लहान मुलांना चौथ्या दिवशी घरचंच लागतं.

डोंगरवेडा
जेवणावर वेगळा धागा काढा, हात जोडतो.

कस्तुरीताई, दोन प्रश्न राहिले. पहिला, चालक रात्री कुठे झोपणार? सहा जणांत तो धरलेला दिसत नाही. दुसरा, हॉटेल नको असं तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये ठामपणे म्हणालात. का? कारण त्यावरच उत्तर अवलंबून आहे.

कस्तुरी_पुणे
चालक पुढच्या सीटवर झोपतो असं एजन्सी म्हणाली.

हॉटेल नको, कारण सासऱ्यांना रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं. प्रोस्टेटचा त्रास आहे. अनोळखी खोलीत अंधारात, बाहेरचं टॉयलेट, थंडी, ते त्यांना जमत नाही, आणि या कारणासाठी त्यांनी कुठेही यायचंच सोडून दिलंय. स्पिती बघायची त्यांची फार इच्छा आहे. पलंगाजवळ टॉयलेट हवं म्हणून मोटरहोम. ९ मीटरच्या गाडीत टॉयलेट बेडरूमच्या आतच आहे. हे आधी लिहायला संकोच वाटला.

भटकी_मुक्ता
कस्तुरी, हे आधीच सांगायला हवं होतंस गं. आता नीट उत्तर देता येईल.

मोटरहोममधल्या टॉयलेटच्या खालची पेटी साधारण २० लिटरची असते. सहा जणांनी वापरली तर दीड-दोन दिवसांत भरते. मोठ्या गाडीत टँक मोठा, पण तो रिकामा कुठे करणार? स्पितीत डंप पॉइंट नाहीत. तिथल्या घरांची जुनी रीतच कोरड्या संडासाची आहे, माती-राख टाकून खत करायचं, कारण पाणी मुळातच कमी. नदीकाठी टँक सोडणं हा त्या गावांवर अन्याय आहे, कृपा करून चालकाला तसं करू देऊ नका. सुटी होणारी पेटी असलेली गाडी हवी, म्हणजे होमस्टेवाल्यांना विचारून त्यांच्या शोषखड्ड्यात ओतता येते. मात्र त्यात घालायचं औषध आधी पॅकवर वाचून घ्या, फॉर्माल्डिहाइडवालं नको.

त्यामुळे टॉयलेट फक्त रात्रीसाठी आणि फक्त सासऱ्यांसाठी ठेवा. बाकीच्यांनी दिवसा ढाब्यावर, होमस्टेवर उरकायचं. मग ६ मीटरच्या गाडीतली पेटी पुरते.

अभि_चाकण
मुक्ताताईंशी सहमत. आणि चालकाबद्दल. पुढच्या सीटवर झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्या कड्यावरून तुमच्या मुलांना घेऊन जाणार आहे. मे महिन्यातही काझाला रात्री पारा शून्याच्या जवळ जातो आणि केबिनच्या काचांमधून सगळी थंडी आत येते. त्याला रोज पलंग आणि पांघरूण मिळालंच पाहिजे, त्याचे पैसे बजेटमध्ये धरा.

हीटर डिझेलचा असेल तर तो उंचीवर चालणारा आहे का, तेही विचारा. हवा विरळ झाली की साधा हीटर काजळी धरतो आणि बंद पडतो. शेगडी पेटवून गाडी गरम करायचा विचारही करू नका, बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो. अलार्म मिळतो, तो घेऊनच निघा.

कस्तुरी_पुणे
एजन्सीला आत्ता फोन केला. ६ मीटरच्या गाडीचा व्हीलबेस ३३५० आहे, टॉयलेटची पेटी सुटी निघते. पण झोपायची सोय चौघांचीच. उरलेले दोघं आणि चालक कुठे?

डोंगरवेडा
सासू-सासरे आणि नातवंडं गाडीत. तुम्ही दोघं आणि चालक होमस्टेत, गाडी त्याच अंगणात उभी. कल्पा, नाको, ताबो, काझा, चारही ठिकाणी होमस्टे मिळतात. फोन करून गाडीची लांबी सांगा आणि अंगणात किंवा दाराशी सपाट जागा आहे का विचारा, ६ मीटरच्या गाडीला बहुतेक ठिकाणी मिळते. ९ मीटरची असती तर गावाबाहेर हमरस्त्यावर लावावी लागली असती, आणि सासऱ्यांना रात्री काही झालं तर तुम्ही लांब.

की मठ, किब्बर, लांग्झासाठी काझाहून स्थानिक जीप करा. मोटरहोम काझात राहू द्या. कोमिक ४,५०० मीटरच्या वर आहे, सासऱ्यांना तिथे नेण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः प्रोस्टेटबरोबर बीपीचं औषध चालू असेल तर.

कस्तुरी_पुणे
बीपीचं चालू आहे. उद्याच विचारते. ६ मीटरची घेतेय, शिमल्याकडून जाऊन शिमल्याकडून परत. चालकाच्या खोलीचं एजन्सीला लेखी मागितलंय.

सह्यवारा_४बाय४
पिकअपचा विचार अजूनही करा.